शहात्तर हजार मतांची रात्र

निवडणुकीचा निकाल म्हटलं की आजच्या मुलांना टीव्हीच्या पडद्याखालून सरकणारी पट्टी आठवते. सकाळी आठला मोजणी सुरू, दहाला कल, बाराला गुलाल. आमच्या पिढीला मात्र निकाल म्हटलं की रात्र आठवते. मतपत्रिकांचा जमाना होता. पेट्या उघडायच्या, कागद सुटे करायचे, चिन्हाप्रमाणे लावायचे, गठ्ठे बांधायचे, आणि कुणी हरकत घेतली की सगळं पुन्हा. मोजणी रात्रभर चाले. गावात वीज असो नसो, पारावर ट्रान्झिस्टर असे आणि त्याच्याभोवती माणसं असत.

माझे वडील शेतकरी कामगार पक्षाचे. आमचा उस्मानाबाद जिल्हा म्हणजे भाई उद्धवराव पाटलांचा जिल्हा. लातूर तेव्हा आमच्यातच होतं, ते १९८२ च्या ऑगस्टमध्ये वेगळं झालं. विधानसभेत विरोधी पक्षनेता म्हणून ज्याच्या बोलण्याची सत्ताधारी दखल घेत, असा माणूस आपल्या भागातला आहे याचा वडिलांना फार अभिमान. मोजणीला ते खटाऱ्याचे प्रतिनिधी म्हणून जात. पहाटे परत येत, चूळ भरत आणि आईला एकाच शब्दात निकाल सांगत. ‘आलं’ किंवा ‘पडलं’. पुढची वर्षं ‘पडलं’ हाच शब्द जास्त ऐकू येत गेला. तेवढं सांगून ते गोठ्यात जात, कारण म्हशीला निकालाशी देणंघेणं नव्हतं. हरणाऱ्या बाजूला उभं कसं राहायचं हे मला कुणी शिकवलं नाही. ते मी गोठ्याच्या दारात उभा राहून पाहिलं.

आज सांगायची आहे ती रात्र मात्र आमच्या गावातली नाही. ती मुंबईतल्या मानखुर्दची आहे, १६ मे २०१४ ची. पण तिथपर्यंत पोचायला जरा मागून यावं लागेल.

१९७२ च्या दुष्काळात मी पंधरा वर्षांचा होतो. शाळा सुटली आणि मी दुष्काळी कामावर गेलो. खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, मिलोची लाल भाकरी खाल्ली, सुकडीसाठी रांगेत उभा राहिलो. माझ्या वयाच्या मराठवाड्यातल्या कुणालाही यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी माझी चुलत बहीण, आमची आक्का, दाजींबरोबर मुंबईला गेली. दोन वर्षांत परत येऊ म्हणाली होती. दाजी नाक्यावर बिगारी करू लागले आणि त्यांचं खोपटं फिरत फिरत मानखुर्दला, मंडाला भागात येऊन थांबलं. आमच्या जिल्ह्यातली, बीडची, जालन्याची कितीतरी घरं अशी देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराभोवती वसलेली आहेत. त्या डोंगरावर १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो आहे. पाण्यानं हुसकलेली माणसं धुरात जाऊन राहिली, असं आक्काकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या मनात आलं होतं.

याच १९७२ मध्ये पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला, ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, एक वेगळीच निवडणूक झाली होती. तिथलं पेडर नावाचं सरोवर वीजप्रकल्पाच्या धरणात बुडणार होतं. ते वाचवायला निघालेल्या मंडळींनी मार्चमध्ये चक्क एक राजकीय पक्ष काढला आणि एप्रिलमध्ये उमेदवार उभे केले. जगातला पहिला ‘हरित’ पक्ष म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं. एकही जागा आली नाही. सरोवर बुडालं. आम्ही तलाव खोदत होतो त्या वर्षी ते लोक तलाव बुडू नये म्हणून मतं मागत होते. अर्थात हे मला तेव्हा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

मला ठाऊक झालं ते ११ वर्षांनी, रेडिओमुळे. १९८३ म्हटलं की सगळ्यांना कपिल देव आठवतो. मला त्याच्या तीन महिने आधीचा शनिवार-रविवार आठवतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकताच चिकटलो होतो. खोली भाड्याची, सोबतीला वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर, आणि शॉर्टवेव्हवर हिंदी बातम्या ऐकायचं वेड. ५ मार्च १९८३ ला ऑस्ट्रेलियात निवडणूक झाली. तिथं पुन्हा टास्मानियातल्याच एका नदीवरचं, फ्रँकलिनवरचं धरण गाजत होतं. ते धरण होऊ देणार नाही असं वचन देणारा मजूर पक्ष जिंकला, बॉब हॉक पंतप्रधान झाले आणि जुलैमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं धरण कायमचं थांबलं. आणि दुसऱ्याच दिवशी, ६ मार्चला, पश्चिम जर्मनीत मतदान झालं. तिथं ‘ग्रीन’ नावाचा तीन वर्षांचा पक्ष ५.६ टक्के मतं मिळवून संसदेत शिरला. २७ खासदार! त्याच्या आधीच्या, १९८० च्या निवडणुकीत त्यांना दीड टक्का मतं होती. अणुभट्ट्या नकोत, क्षेपणास्त्रं नकोत, आम्लाच्या पावसानं मरणारी जंगलं वाचवा, असं म्हणणारी ही मंडळी महिनाअखेरीला बॉनच्या संसदेत झाडाच्या फांद्या नि कुंड्या घेऊन गेली. त्यांच्यातल्या पेट्रा केली या बाईंचं नाव मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं.

आमच्याकडे त्याच अंकगणितानं काय झालं असतं, हा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी शाळेत गणित शिकवणाऱ्या गुरुजींना विचारला. ते म्हणाले, ‘शून्य.’ त्यांचं बरोबर होतं. जर्मनीत मतदाराला दोन मतं असतात, एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि दुसरं पक्षाला. देशभरात पक्षाची मतं पाच टक्क्यांच्या वर गेली की त्या प्रमाणात जागा मिळतात. आपल्याकडे, जशी इंग्लंडात, पद्धत सरळ आहे. ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो आला, बाकीच्यांची गेली. १९८९ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ब्रिटनमधल्या हरित पक्षाला जवळजवळ १५ टक्के, म्हणजे २२ लाखांहून जास्त मतं पडली आणि जागा मिळाली नाही एकही. तेच ब्रिटन पहिली हरित खासदार पाहायला २०१० पर्यंत थांबलं. कॅरोलिन लुकास ब्रायटनमधून आल्या.

पण १९८३ ला मी २६ वर्षांचा होतो. मताच्या जोरावर धरण थांबतं आणि झाड संसदेत जातं, हे एकाच आठवड्यात ऐकलं की त्या वयात माणूस हिशेब करत नाही.

पुढची दहा वर्षं नोकरी, लग्न, मुलं. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीचा भूकंप म्हणतात त्याला, पण आमच्या जिल्ह्यातल्या उमरगा-लोहारा भागानं काय सोसलं ते सास्तूरला गेलेल्यांना विचारा. माझी सासुरवाडी त्या पट्ट्यातली. दगड-मातीच्या धाब्याच्या घरांनी माणसं गिळली. त्याविषयी मी आजही जास्त बोलत नाही. नंतर नवी गावं वसली. जागतिक बँकेच्या मदतीनं घरं उभी राहिली, रस्ते सरळ झाले, आणि म्हातारी माणसं सरळ रस्त्यावर हरवू लागली. ‘पुनर्वसन’ हा शब्द आम्ही तेव्हा शिकलो. शेत एकीकडे, घर दुसरीकडे, शेजार तिसरीकडे.

तोच शब्द त्याच वर्षी वर्तमानपत्रात वेगळ्या बातम्यांत येत होता. सरदार सरोवर. आपल्या महाराष्ट्रातली अक्कलकुवा-अक्राणीतली ३३ गावं त्यात जाणार होती, मणिबेली सगळ्यांत आधी. त्या प्रकल्पातल्या पुनर्वसनाची पाहणी जागतिक बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं केली होती आणि १९९२ मध्ये कडक शब्दांत अहवाल दिला होता. मार्च १९९३ मध्ये कर्जाचा राहिलेला भाग आपल्या सरकारनं नाकारला. भूकंपानं आमचं गाव हललं, ते निसर्गानं. त्यांचं हलवणार होतं, ते ठरवून. मी मेधा पाटकरांचा समर्थक झालो तो या एका फरकामुळे. मोर्चाला गेलो नाही, घोषणा दिल्या नाहीत. मनीऑर्डरी केल्या आणि स्टाफरूममध्ये भांडलो.

भांडण ठरलेलं असे. ‘गुरुजी, तुम्ही उस्मानाबादचे. प्यायला पाणी नाही आपल्याला. आणि धरण नको म्हणणाऱ्या बाईचं कौतुक करता?’ याला माझ्याकडे एक तयार उत्तर होतं. धरणातलं पाणी तहानलेल्याला मिळतं कुठं? ते उसाला जातं. उत्तर खरं होतं, आजही आहे. तेरणा-मांजरेच्या खोऱ्यात तळं भरलं की आधी ऊस वाढतो, तळं आटलं की आधी नळ आटतो. पण या उत्तरात एक गोची होती. ती मला बाहेरच्या कुणी दाखवली नाही, घरातल्यानंच दाखवली. तिथंच यायचं आहे.

जानेवारी २०१४ मध्ये मेधाताई आम आदमी पक्षात आल्या आणि ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभ्या राहिल्या. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपरचे दोन भाग आणि मानखुर्द-शिवाजीनगर मिळून हा मतदारसंघ. इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा पक्ष काही जर्मनीसारखा पर्यावरणाचा पक्ष नव्हता. त्याचा जन्म भ्रष्टाचारविरोधी आंदोलनातला. पण त्या एका निवडणुकीत त्याच्या झाडूखाली देशातल्या पर्यावरणाच्या चळवळी जितक्या एकत्र आल्या तितक्या आधी कधी आल्या नव्हत्या. कन्याकुमारीत कुडनकुलमच्या अणुप्रकल्पाविरुद्ध लढणारे उदयकुमार उभे होते. खंडव्यात नर्मदा बचाव आंदोलनातले आलोक अग्रवाल. आपल्याकडे हरित पक्षाची निवडणूक म्हणता येईल असं जवळचं काही असेल तर ते हेच.

आक्काला यातलं काही माहीत नव्हतं. तिला मेधाताई माहीत होत्या त्या धरणामुळे नव्हे. २००४ च्या हिवाळ्यात मुंबईतल्या ऐंशी-नव्वद हजार झोपड्यांवर बुलडोझर फिरले, त्यात मंडाल्यातलं तिचंही घर गेलं. दाजी त्याच वर्षी वारले. त्या उन्हात, तुटलेल्या पत्र्यांवर येऊन बसलेली बाई म्हणून आक्का त्यांना ओळखत होती. ‘बापू, ती बाई आपल्यात येऊन बसली बग. खुर्ची न्हाई मागितली.’ आक्काच्या राजकारणाचा पाया एवढाच होता, आणि मला वाटतं पुष्कळांच्या राजकारणाचा यापेक्षा कच्चा असतो.

मी शिक्षक, त्यामुळे प्रचार करायची सोय नव्हती. उलट १७ एप्रिलला आमच्या जिल्ह्यात मतदान होतं तेव्हा मी परंडा तालुक्यात केंद्रावर ड्युटीला होतो. पेटीऐवजी यंत्र, शाई, सही, सील. चाळीस अंशांच्या उन्हात लोक रांगेत उभे होते. त्या रांगेत पाण्याशिवाय दुसरी गोष्ट निघत नव्हती. टँकर कधी आला, बोअर किती फुटांवर कोरडा गेला, उजनीचं पाणी, कृष्णा-मराठवाड्याचं पाणी. यंत्रासमोर गेल्यावर मात्र माणूस पाण्याचा राहत नाही. तो जातीचा होतो, नात्याचा होतो, किंवा ‘येणार कोण’ याचा होतो. दुसऱ्याचं कशाला सांगू? मी माझं स्वतःचं मत ‘येणार कोण’ याचा अंदाज घेऊनच दिलं होतं. मेधाताईंचा समर्थक मी ४०० किलोमीटरवरच्या मतदारसंघात होतो.

मुंबईचं मतदान २४ एप्रिलला झालं. निकाल १६ मे चा. शाळेला सुट्ट्या होत्या, म्हणून आदल्या रात्री लातूर-मुंबई गाडीनं निघालो आणि सकाळी हार्बरच्या लोकलनं मानखुर्दला उतरलो. आक्काच्या घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजले होते. भाचा पहाटेच मोजणी केंद्रावर गेला होता, झाडूचा प्रतिनिधी म्हणून. मला वडील आठवले.

टीव्ही शेजाऱ्यांकडे होता. दहा-बारा माणसं, दोन-तीन पोरी, दारात चपलांचा ढीग. दहा वाजायच्या आत देशाचं चित्र स्पष्ट झालं. भाजपला एकट्याला बहुमत, पुढे ते २८२ वर थांबलं. महाराष्ट्रात ४८ पैकी ४२ जागा महायुतीला. आमच्या उस्मानाबादेतही शिवसेनेचे रवींद्र गायकवाड दोन लाखांच्या वर मतांनी पुढे गेले. माझ्याकडे बघून एकानं विचारलंसुद्धा, ‘काका, तुमच्या गावाला कोण?’ मी सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला.

आम्ही वाट बघत होतो एका नावाची. ते पट्टीवर क्वचित येई. मुंबई ईशान्य, किरीट सोमय्या आघाडीवर. दुसऱ्या क्रमांकाचं नाव येई, तिसऱ्याचं येत नसे. आमचं अख्खं घर तिसऱ्या क्रमांकाकडे डोळे लावून बसलं होतं आणि टीव्ही दोनच्या पुढे मोजत नव्हता. मग भाच्याचे फोन येऊ लागले. एकेक फेरी संपली की तो आकडा सांगे, आणि आठवीतली त्याची मुलगी पाठकोऱ्या वहीत तो लिहून घेई. तीन रकाने तिनंच पाडले होते. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर आकडे लिहिणं हाच कार्यक्रम उरला. जिंकण्याचा प्रश्न संपला होता. तरी कुणी उठलं नाही.

शेवटचा आकडा आला तेव्हा ऊन कललं होतं. सोमय्यांना ५,२५,२८५. त्यांच्या आधीचे खासदार राष्ट्रवादीचे संजय दिना पाटील, त्यांना २,०८,१६३. मेधाताई तिसऱ्या, ७६,४५१. एकूण मतांच्या दहा टक्क्यांच्या आत. अनामत वाचवायला एक षष्ठांश मतं लागतात, तीही नव्हती. उदयकुमारांची कन्याकुमारीत पंधरा हजारांच्या आसपास. पक्षाला देशभरात चार जागा मिळाल्या आणि चारही पंजाबात.

बाहेर फटाके वाजत होते. आक्कानं चहा टाकला, कारण माणसं बसलेली होती.

भाचा रात्री नऊला आला. घसा बसलेला, पायात एक चप्पल तुटलेली. जेवणं झाली आणि आम्ही गच्चीवर, म्हणजे पत्र्याच्या वरच्या माळ्यावर, जाऊन बसलो. खाली गल्लीत गुलाल पडला होता. वाऱ्यानं देवनारचा धूर आमच्याकडे वळवला होता. तो धूर कसा असतो ते सांगणं अवघड आहे. केस, प्लास्टिक आणि कुजलेलं काहीतरी एकत्र जळाल्यासारखा. जानेवारी २०१६ मध्ये तो डोंगर पेटला आणि दिवसेंदिवस जळत राहिला, तेव्हा कुठं सगळ्या मुंबईला तो वास कळला. आक्काच्या घरी तो रोजचा होता.

मी माझं जर्मनीचं सुरू केलं. सांगितलं की त्या लोकांना साडेपाच टक्के मतांवर २७ खासदार मिळाले होते, आणि इथं नऊ टक्क्यांच्या आसपास मतं पडून बाईंच्या हाती शून्य. ७६ हजार माणसं म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या जत्रेत मावणार नाहीत इतकी माणसं! ती काही वेडी नव्हती. भाच्यानं ऐकून घेतलं. तो सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, आकड्यात पक्का. म्हणाला, ‘मामा, तुम्ही एका मतदारसंघाचे टक्के सगळ्या देशाच्या टक्क्यांशी लावताय. देशात आमच्या पक्षाला दोन टक्के मतं पडलीत. जर्मनीच्या कायद्यानंसुद्धा आम्ही बाहेरच.’

मी गप्प झालो. त्याचं बरोबर होतं. ३१ वर्षं जपलेलं माझं गणित त्यानं एका वाक्यात पुसलं. एवढंच नाही, त्या जर्मनांनाही ते दार कायमचं उघडं नव्हतं. जर्मनी एक झाल्यावरच्या १९९० च्या निवडणुकीत पश्चिमेकडचे हरित पाच टक्क्यांच्या खाली घसरून संसदेबाहेर पडले होते. तिथून सावरून ते १९९८ मध्ये थेट सरकारात गेले, त्यांचा योश्का फिशर परराष्ट्रमंत्री झाला. हे मी भाच्याला सांगितलं खरं, पण सांगताना आवाजात जोर नव्हता.

मग मी दुसरं कारण काढलं. मुलुंड-घाटकोपर. तिथं गुजराती वस्ती मोठी, नि त्यांच्या दृष्टीनं नर्मदेचं धरण म्हणजे कच्छ-सौराष्ट्राचं पाणी. ‘ते या बाईला मत कसं देणार? त्यांना वाटतं हिनं त्यांचं पाणी अडवलं.’

‘मग त्यांचं काय चुकलं?’ भाचा म्हणाला. ‘तुम्हाला कुणी सांगितलं की उजनीचं पाणी धाराशिवला आणायचं नाही, तर तुम्ही देणार का त्याला मत?’

‘आमचं वेगळं आहे. आमच्याकडं प्यायला नाही. धरणांचं पाणी सगळं उसाला जातं, तो प्रश्न आहे.’

‘मामा,’ तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘तुमचा ऊस किती आहे?’

मघा म्हणालो ती गोची ही. एक एकर. बोअरवर होता, कालव्यावर नव्हता, पण पाणी एकाच जमिनीतलं. पगारावर मुलांची शिक्षणं झाली नसती, उसाच्या बिलावर झाली. तूर, हरभरा, ज्वारी काय भावानं विकावी लागते हे शेतकऱ्याला विचारा. ऊस निदान घ्यायचा तरी असतो कुणाला तरी. हे सगळं मी त्याला सांगू शकलो असतो आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. पण मी ते सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, ‘एक एकर.’

तो हसला नाही. म्हणाला, ‘झोपा आता. थकला असाल.’

झोप आली नाही. खाली आक्का भांडी घासत होती. तिला हाक मारून विचारलं, ‘आक्का, बाई पडली. वाईट वाटलं का?’ ती म्हणाली, ‘पडली म्हंजी? उद्या येत्यालच की त्या. पुढल्या गल्लीचं पाण्याचं काम ऱ्हायलंय.’ मी वर पडून विचार करत राहिलो की टास्मानियाची मंडळी सरोवर बुडाल्यावर काय बोलली असतील. ११ वर्षांनी त्यांनी नदी वाचवली हे मला ठाऊक होतं. त्या रात्री तरी ते त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढचं थोडक्यात. निकालानंतर चार आठवडेही झाले नव्हते, १२ जून २०१४ ला सरदार सरोवराची उंची १२१.९२ मीटरवरून १३८.६८ मीटर करायला परवानगी मिळाली. मार्च २०१५ मध्ये मेधाताईंनी पक्ष सोडला. १७ सप्टेंबर २०१७ ला धरणाचं लोकार्पण झालं. त्या दिवशी आम्ही मराठवाड्यातले लोक मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून घरी आलो होतो. टीव्ही लावला तर समोर नर्मदेची पूजा. निमाड आणि अक्राणीच्या बाजूला काय चाललं असेल ते दाखवत नव्हते.

त्याआधी आमच्याकडे २०१६ चा उन्हाळा येऊन गेला होता. शेजारच्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. देशभरचे पत्रकार ती गाडी बघायला आले. आमच्या एकरातला ऊस त्या वर्षी उभा वाळला. बोअर पाचशे फुटांवर फुफाटा टाकू लागला. मी निवृत्त झालो होतो. ऊस मोडला आणि तूर लावली. स्टाफरूममधले जुने मित्र म्हणाले, ‘गुरुजी, अखेर बाईंचं ऐकलंत.’ मी त्यांना सांगितलं नाही की ऐकलं ते बोअरचं.

तीन वर्षं तूर, हरभरा, एकदा सोयाबीन केलं. मग पाऊस बरे झाले, पोराकडे व्यवहार गेला, आणि आज त्या एकरात पुन्हा ऊस उभा आहे. ठिबकवर आहे, एवढं पोरगं आवर्जून सांगतं. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं. भाचा नवी मुंबईत राहायला गेला. आक्का मंडाल्यातच आहे, तिला हलायचं नाही.

मी निघालो तेव्हा भाच्याच्या मुलीनं ती पाठकोरी वही माझ्या पिशवीत टाकली होती. ‘आजोबा, तुम्हाला आकडे आवडतात ना.’ तीन रकाने आहेत तिच्यात, फेरीवार. पहिल्या दोन रकान्यांत दोन-तीन जागा रिकाम्या राहिल्यात, फोन लागला नसेल तेव्हाच्या. तिसऱ्या रकान्यात एकही नाही.